संत्र्याच्या सॉर्बेत साखर कशासाठी?

फेब्रुवारीत विदर्भात ऊन चटकायला लागतं आणि त्याच सुमाराला मृग बहाराची संत्री बाजारात भरू लागतात. वरूड, मोर्शी, काटोल, नरखेड या पट्ट्यातले बागाईतदार झाडाचं पाणी तोडून त्याला ताण देतात. ताण बसलेल्या झाडाला पुन्हा पाणी मिळालं की ते एकदम फुलोऱ्यावर येतं. थंडीतल्या ताणानंतर जानेवारी-फेब्रुवारीत फुलतो तो आंबिया बहार, त्याची फळं दिवाळीच्या आगेमागे तयार होतात. मे महिन्यातल्या ताणानंतर पहिल्या पावसावर फुलतो तो मृग, त्याची फळं फेब्रुवारी ते एप्रिल. आंबियाचं फळ जरा आंबटसर, मृगाचं अधिक गोड. नागपूरच्या संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्याची खरी ओळख हातात घेतल्याबरोबर पटते: सैल साल, बोटांनी सहज सुटणाऱ्या फोडी आणि पातळ, भरपूर, सुगंधी रस.

होळीला पुरणपोळीचं जेवण झाल्यावर काहीतरी गार हवं असतं, पण बासुंदी किंवा आइस्क्रीमला पोटात जागा उरलेली नसते. अशा वेळी या संत्र्यांचं सॉर्बे करावं असं मला मनापासून वाटतं. सॉर्बे म्हणजे फळाचा रस आणि साखर एकत्र गोठवून केलेला मऊ, खरवडता येणारा पदार्थ. त्यात दूध नाही, साय नाही, अंडं नाही. दूध नसल्यामुळे ते फाटण्याची धास्ती नाही आणि स्निग्धांश नसल्यामुळे जिभेवर थर बसत नाही. फळाची चव थेट कळते. साहित्य चारच जिन्नसांचं: संत्र्याचा रस, साखर, कागदी लिंबू, चिमूटभर मीठ. एवढ्या कमी जिन्नसांचा पदार्थ बिघडतो तेव्हा बहुतेक वेळा एकाच कारणानं बिघडतो. करणारा साखरेकडे फक्त गोडी म्हणून पाहतो आणि तब्येतीच्या किंवा आवडीच्या हिशेबानं ती निम्मी करतो. मग फ्रीझरमधून दगड बाहेर येतो, चमचा वाकतो, आणि घरात ठरून जातं की हे हॉटेलातच खायचं काम आहे.

साखर इथे गोडीच्या आधी दुसरं काम करते. शुद्ध पाणी शून्य अंशाला गोठतं. त्यात काहीही विरघळवलं की गोठण्याचं तापमान खाली उतरतं आणि जितके जास्त कण विरघळलेले, तितकं ते अधिक उतरतं. चार्ल्स ब्लॅगडेन या इंग्रज वैज्ञानिकानं १७८८ मध्ये हा प्रमाणाचा नियम मांडला. सॉर्बे करणाऱ्याला मात्र नियमापेक्षा त्याचा पुढचा परिणाम जास्त उपयोगी पडतो. गोडसर रस गोठायला लागतो तेव्हा त्यातलं फक्त पाणी बर्फ होतं. साखर बर्फाच्या स्फटिकात शिरत नाही. ती उरलेल्या द्रवात राहते. पाणी कमी होत जातं तसा हा द्रव घट्ट होतो आणि त्याचं गोठणं आणखी खाली ढकललं जातं. म्हणजे फ्रीझर उणे १८ अंशांवर असला तरी काही पाक द्रव राहतोच. ओल्या वाळूच्या कणांमध्ये पाणी असतं तसा तो बर्फाच्या कणांमध्ये पसरलेला असतो. हा न गोठलेला पाक जितका जास्त, तितकं सॉर्बे मऊ.

आता हिशेब करून पाहू. संत्र्याच्या रसात मुळात साधारण दहा टक्के विद्राव्य घटक असतात, त्यातली बहुतेक साखरच. असा रस तसाच गोठवला तर उणे १८ अंशांना ढोबळमानानं त्याच्या वजनाच्या ८५ टक्के बर्फ होतो. तोच दगड. साखर घालून हे प्रमाण २७ टक्क्यांच्या आसपास नेलं तर बर्फ ६० टक्क्यांवर येतो आणि उरलेला ४० टक्के पाक बर्फाला मोकळा ठेवतो. म्हणून अर्धा लिटर रसाला १२० ग्रॅम साखर. मध्यम आकाराच्या दहा-बारा नागपुरी संत्र्यांतून एवढा रस निघतो. साखर याहून फार वाढवली, पस्तीस टक्क्यांच्या पुढे नेली, तर घरच्या फ्रीझरमध्ये मिश्रण नीट धरतच नाही, चिकट आणि ओघळतं राहतं. खालची आणि वरची अशा दोन मर्यादांमधली ही जागा फार रुंद नाही.

ती जागा सापडली की नाही हे पाहायची एक जुनी युक्ती आहे आणि ती अजूनही चोख चालते. धुतलेलं ताजं, कच्चं अंडं मिश्रणात सोडायचं. साखर कमी असेल तर अंडं बुडतं. साखर बरोबर असेल तर ते तरंगतं आणि त्याचा नाण्याएवढा भाग वर दिसतो. ताज्या अंड्याची घनता गोड मिश्रणाच्या घनतेपेक्षा थोडीच कमी असते, त्यावर हे सगळं उभं आहे. अंडं जुनं असेल तर त्यातली हवेची पोकळी वाढलेली असते आणि ते उगाच तरंगतं, म्हणून ताजंच घ्यावं. संत्र्याची गोडी बहारानुसार, बागेनुसार बदलते, त्यामुळे ग्रॅममधल्या मापापेक्षा ही परीक्षा जास्त खरी. ज्यांच्या घरात अंडं चालत नाही त्यांनी जिभेवर भिस्त ठेवावी. गोठण्याआधी मिश्रण सरबतापेक्षा स्पष्टपणे जास्त गोड लागलं पाहिजे, इतकं की एक पेला पिववणार नाही.

ही गोडी गोठल्यावर कुठे जाते? ती जात नाही, जिभेला कमी कळते. जिभेवरच्या पेशींत गोडीचा संदेश पुढे पाठवणारी एक वाहिनी आहे, ती ऊब असताना जोमानं काम करते आणि थंडीत मंदावते. म्हणूनच वितळलेलं आइस्क्रीम नकोसं गोड लागतं आणि तेच गोठलेलं बेताचं वाटतं. लिंबाचा आंबटपणा मात्र थंडीत बऱ्यापैकी शाबूत राहतो. मृगाच्या गोड संत्र्यांना दोन कागदी लिंबांचा रस लागतो तो यासाठी. आंबियाच्या फळांना एक पुरतं.

साखर टाळून स्टीव्हियासारखा गोडवा वापरला तर काय होईल, असं बरेच जण विचारतात. वरचा हिशेब वाचल्यावर उत्तर उघड आहे. स्टीव्हिया चिमूटभरच लागतो, तेवढ्यात विरघळलेले कण नगण्य, म्हणून गोडी येते आणि दगडही येतो. साखरेचं पथ्य असणाऱ्यांनी या वाटेला न जाता पुढे दिलेली जेली करावी. ज्यांना केवळ गोडी जरा कमी हवी आहे, त्यांच्यासाठी चांगला उपाय आहे. साखरेचा चौथा हिस्सा काढून तेवढीच बिनचवीची ग्लुकोज पावडर घालायची. ग्लुकोज साखरेपेक्षा कमी गोड असतं, पण त्याचा रेणू साखरेच्या रेणूच्या जवळपास निम्म्या वजनाचा असल्यामुळे तेवढ्याच ग्रॅममध्ये जवळजवळ दुप्पट रेणू मिळतात. गोडी उतरते, मऊपणा वाढतो.

साखरेचं तिसरंही एक काम आहे, सुगंध धरून ठेवण्याचं. संत्र्याचा वास मुख्यतः सालीत असतो. लहानपणी साल चिमटीत दाबून शेजारच्याच्या डोळ्यांत फवारा मारला नाही असा मराठी माणूस विरळा. तो फवारा म्हणजे सालीच्या केशरी थरातल्या बारीक पिशव्यांमधलं तेल. त्यातला नव्वद टक्क्यांहून अधिक भाग लिमोनिन या सुगंधी द्रव्याचा असतो. हे तेल पाण्यात विरघळत नाही आणि उष्णतेनं उडून जातं. म्हणून साल रसात उकळणं हा सर्वांत वाईट मार्ग. त्याऐवजी तीन-चार संत्री कोमट पाण्यानं चोळून धुवावीत (बाजारात येणाऱ्या फळांवर अनेकदा मेणाचा हात दिलेला असतो), आणि सोलण्याआधी, साल फळावर ताणलेली असतानाच बारीक किसणीवर फक्त वरचा केशरी थर किसून घ्यावा. नागपुरी संत्र्याची साल सैल असल्यामुळे हे काम हलक्या हातानं करावं लागतं. किसणी जोरात फिरवली की पांढरा भाग येतो आणि तो कडवट असतो. हा कीस १२० ग्रॅम साखरेत घालून बोटांनी पाच मिनिटं चोळायचा. साखरेच्या दाण्यांच्या कडा उरलेल्या तेलाच्या पिशव्या फोडतात, तेल दाण्यांवर पसरतं, साखर ओलसर केशरी होते आणि स्वयंपाकघरभर वास दरवळतो. झाकून अर्धा तास ठेवावी. नंतर ती रसात ढवळून विरघळवायची. साधी खोलीच्या तापमानाला विरघळते, गॅस पेटवायची गरजच नाही. तापवलेल्या संत्र्याच्या रसाला शिजल्याचा वास येतो आणि तो गोठल्यावरही जात नाही.

आता कडवटपणाकडे वळू. लिंबूवर्गीय फळांचा कोणताही गार पदार्थ करताना सगळ्यांत फसवणारी गोष्ट हीच.

मोसंबीचा रस काढून दुपारपर्यंत ठेवला की तो कडू होतो, हे आजारी माणसाची शुश्रूषा केलेल्या प्रत्येक घराला माहीत आहे. काढताना तो गोड असतो, त्यात बाहेरून काही पडलेलं नसतं, तरीही कडू होतो. याचं कारण फळाच्या पापुद्र्यात आणि बियांत दडलेलं आहे. तिथे एक बेचव द्रव्य असतं. फळ अखंड असेपर्यंत ते आम्लापासून वेगळं राहतं. रस काढताना पेशी फुटतात, ते आम्लात मिसळतं आणि हळूहळू त्याचं रूपांतर लिमोनिन नावाच्या कडू द्रव्यात होतं. (सालीच्या तेलातलं सुगंधी लिमोनिन निराळं, मराठी लिपीत दोन्हींची नावं सारखी दिसतात, म्हणून यापुढे याला कडू द्रव्यच म्हणतो.) हे कडू द्रव्य इतकं तीव्र असतं की दहा लाख भागांत सहा भाग असले तरी ते माणसाच्या जिभेला कळतं. ऊब मिळाली की रूपांतर वेगानं होतं, गारव्यात ते मंदावतं. पपनस आणि ग्रेपफ्रूटचा कडवटपणा याहून वेगळा. तो दुसऱ्या द्रव्यामुळे असतो आणि पहिल्या घोटापासूनच जाणवतो.

ही प्रक्रिया समजली की रस कसा काढायचा याचे नियम पाठ करावे लागत नाहीत, ते आपोआप सुचतात. मिक्सरच्या पात्यानं बिया आणि पापुद्रे चिरडले जातात, म्हणून मिक्सर नको. फळं आदल्या रात्री फ्रीजमध्ये ठेवावीत, म्हणजे रस मुळातच गार निघतो. संत्र्याची फोड फोडून शिरा काढाव्यात, बिया काढाव्यात आणि फोडी पातळ सुती फडक्यात घेऊन मुठीनं दाबाव्यात. चोथा शेवटच्या थेंबापर्यंत पिळू नये. त्या शेवटच्या दोन चमच्यांत पापुद्र्याचा अर्क सर्वांत जास्त असतो, आणि अर्धा लिटर रसापुढे दोन चमच्यांची काय कथा! संत्र्यात हा कडवटपणा मोसंबीइतका उग्र नसतो, त्यामुळे साखर-लिंबू-मीठ घातलेलं संत्र्याचं मिश्रण तीन-चार तास फ्रीजमध्ये ठेवायला हरकत नाही. मोसंबीला तेवढीही सवड देऊ नये. जालना, बीडकडची मोसंबी सॉर्बेला फार छान असते, तिच्यात आम्ल कमी असल्यामुळे लिंबू मात्र जास्त लागतं. पण फळं गार करून, रस काढून, लगेच गोठवायला घालावा. चिमूटभर मीठही याच कामाला येतं. मीठ जिभेची कडवटपणाची जाणीव दाबतं, खारट लागण्याच्या कितीतरी आधी.

गोठवताना सगळी धडपड बर्फाचे कण बारीक ठेवण्याची. जिभेला जाणवणार नाहीत एवढे कण बारीक असले की सॉर्बे रेशमी लागतं; मोठे झाले की करकर. मिश्रण जितक्या झटपट गोठेल, तितके कण बारीक होतात, कारण एकाच वेळी असंख्य ठिकाणी बर्फ धरतो आणि कोणत्याच कणाला वाढायला वेळ मिळत नाही. आइस्क्रीमचं यंत्र थंड भिंतीवर बर्फ धरवतं आणि खरवडत राहतं. यंत्र नसेल तर आपला मिक्सर पुरेसा आहे. मिश्रण बर्फाच्या ट्रेमध्ये ओतून रात्रभर गोठवायचं. हे चौकोनी तुकडे साध्या बर्फासारखे कडक होत नाहीत, त्यांत पाक असतोच. सकाळी फ्रीझरमध्ये गार केलेल्या भांड्यात थोडे थोडे तुकडे घालून मिक्सर थांबत थांबत फिरवायचा. आधी भुगा होतो, मग भुगा एकजीव होऊन फिकट केशरी, मऊ लगदा तयार होतो. तो लगेच गार डब्यात भरून, दाबून, पुन्हा दोन तास फ्रीझरमध्ये. मिक्सर सलग फिरवला तर पात्याच्या उष्णतेनं पाणी सुटतं, एवढं एक सांभाळावं.

सिसिलीत याच्या उलट वाट धरतात आणि तीही सुंदर आहे. एटना ज्वालामुखीच्या उतारावरचा हिवाळी बर्फ तिथे पूर्वी खड्ड्यांत दाबून ठेवत आणि उन्हाळ्यात शहरांत आणून विकत. लिंबाची झाडं आणि ऊस नवव्या शतकानंतर अरबांच्या राजवटीत त्या बेटावर रुजले. या तिन्हींच्या भेटीतून ग्रानिता घडलं, जे कतानिया आणि मेसिनाकडे लोक आजही उन्हाळ्यात सकाळी मऊ पावाबरोबर खातात. सिसिलीपासून दूर नसलेल्या नेपल्समध्ये आन्तोनियो लातिनी यांनी १६९० च्या दशकात छापलेल्या पाकग्रंथात सॉर्बेच्या कृती आहेत, त्यांत लिंबाचंही आहे. ग्रानितात दाणा लपवायचा नसतो, तो हवाच असतो. म्हणून साखर कमी: अर्धा लिटर संत्र्याच्या रसाला ५० ग्रॅम. पसरट स्टीलच्या डब्यात दीड-दोन सेंटिमीटरचा थर ओतायचा, कडा धरल्या की दर अर्ध्या तासानं काट्याच्या चमच्यानं कडेचा बर्फ खरवडून मध्ये आणायचा. तीन-चार तासांत मोकळा, चमचमता दाणेदार बर्फ तयार. साखर कमी असल्यामुळे पथ्य पाळणाऱ्या पण पूर्ण बंदी नसलेल्या माणसालाही तो थोडा देता येतो. घरात पहिल्यांदाच करणार असाल तर इथून सुरुवात करा; यात बिघडायला फारसं काही नाही.

फ्रीझर लहान असेल, किंवा पंचवीस माणसं जेवायला असतील, तर मिठाच्या बर्फाला पर्याय नाही. हाताने फिरवायचं लाकडी बादलीचं पॉट आइस्क्रीम ज्यांनी पाहिलं आहे त्यांना हे नवं नाही. फोडलेल्या बर्फाच्या तीन भागांना एक भाग जाडं मीठ या मापानं मिश्रण केलं की त्याचं तापमान उणे २० अंशांच्या जवळ जाऊ शकतं. मीठ बर्फाला वितळायला लावतं, वितळायला लागणारी उष्णता बर्फ आपल्या आजूबाजूकडून ओढून घेतो आणि सगळं आणखी गार होतं. फ्रीझरमध्येही तेवढीच थंडी असते, पण ती हवेतून येते आणि हवा उष्णता फार संथ वाहून नेते. खारं गार पाणी डब्याच्या धातूला सगळीकडून चिकटलेलं असतं, त्यामुळे तासांचं काम मिनिटांवर येतं आणि बर्फाचे कण आपोआप बारीक राहतात. अकबराच्या दरबारात शोऱ्यानं पाणी गार करत असल्याची नोंद अबुल फझलनं आईन-इ-अकबरीत केली आहे. तिथेही तत्त्व उष्णता शोषून घेण्याचंच आहे, फक्त बर्फाच्या वितळण्याऐवजी शोऱ्याच्या विरघळण्यानं. घरी करताना मोठ्या बादलीत मीठ-बर्फ भरून त्यात झाकणाचा स्टीलचा उभा डबा ठेवावा, डबा हातानं उलटसुलट फिरवत राहावा आणि मधूनमधून उघडून भिंतीवर धरलेला थर उलथन्यानं सोडवून आत ढकलावा. मीठ डब्यात जाऊ नये म्हणून झाकण बर्फाच्या पातळीच्या बरंच वर असू द्यावं.

जेलीबद्दल थोडक्यात. चायना ग्रास समुद्री शेवाळापासून बनतं, म्हणून शाकाहारी घरात निर्धास्त चालतं. अर्धा लिटर एकूण द्रवाला त्याची तीन-चार ग्रॅम पावडर. ती रसात उकळू नये. उष्णता आणि आम्ल एकत्र आले की तिची धरण्याची ताकद तुटते. एक वाटी पाण्यात ती पूर्ण विरघळेपर्यंत उकळावी, गॅस बंद करून दोन मिनिटांनी खोलीच्या तापमानाचा रस थोडा थोडा ओतत ढवळावा. रस गार असेल तर गुठळ्या होतात, कारण चायना ग्रास ३५-४० अंशांनाच धरायला लागतं. एकदा धरलं की मात्र ते एप्रिलच्या उन्हातही टेबलावर ताठ उभं राहतं, जिलेटिनसारखं विरघळत नाही. साखर इथे खरोखरच फक्त गोडीपुरती आहे, हवी तेवढी घाला किंवा घालूच नका.

सॉर्बे तीन-चार दिवसांत संपवावं. फ्रीझरचं दार उघडतं, वीज जाते, आपोआप बर्फ वितळवणाऱ्या फ्रीजमध्ये तर दिवसातून काही वेळा तापमान थोडं चढतंच. दर चढ-उतारात सगळ्यांत बारीक कण आधी वितळतात आणि ते पाणी पुन्हा गोठताना शेजारच्या मोठ्या कणांवर जाऊन बसतं. आठवड्याभरात रेशमी सॉर्बे करकरीत होतं ते असं. डबा पसरट न घेता खोल घ्यावा, वर प्लास्टिकचा कागद पृष्ठभागाला चिकटवून लावावा आणि डबा फ्रीझरमध्ये दारापासून लांब, आतल्या बाजूला ठेवावा. वाढण्याआधी दहा मिनिटं बाहेर काढून ठेवलं की चमचा सहज शिरतो. वाट्याही आधी गार केलेल्या असाव्यात. आणि करकरीत झालंच तर टाकायचं कारण नाही. दूध नसल्यामुळे त्याचं काही फाटत नाही. फ्रीजमध्ये वितळू द्या, चाखून लिंबाचे चार थेंब वाढवा, ट्रेमध्ये ओता आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मिक्सरमधून काढा.